माधवन मुकुंद यांचा अल्गोरिदमचा अभ्यासक्रम, नोकरी सांभाळून केलेला

एनपीटेल या मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठावरचा 'डिझाइन अँड ॲनालिसिस ऑफ अल्गोरिदम्स' (अल्गोरिदम म्हणजे एखादी समस्या सोडवण्याची पायरीवार रीत) हा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे माधवन मुकुंद शिकवतात. तो मी नोकरी सांभाळून पूर्ण केला. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षी याच नावाचा विषय मी एकदा उत्तीर्ण झालो होतो. आमच्या महाविद्यालयात तेव्हा यादी क्रमाने लावणाऱ्या मर्ज सॉर्टची आकृती काढायची, सर्वांत जवळचा मार्ग शोधणाऱ्या डायक्स्ट्राच्या पद्धतीचे कोष्टक भरायचे आणि शेवटी किती वेळ लागतो याचे (कॉम्प्लेक्सिटीचे) सूत्र पाठ लिहून मोकळे व्हायचे, एवढ्यावर त्याची बोळवण झाली होती. त्यामुळे विषय पहिल्यांदा शिकणाऱ्याला हा अभ्यासक्रम कसा वाटेल, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. एकदा पास होऊनही ज्याला तो समजला नव्हता, अशा माणसाचा हा अभिप्राय आहे.

सुरुवातीलाच मुकुंद सर इनपुटचा आकार वाढला की काय होते, हे एका खास भारतीय उदाहरणाने दाखवतात. देशातील प्रत्येक सिमकार्ड आधारच्या नोंदींशी ताडून पाहायचे आहे आणि दोन्हीकडे साधारण शंभर कोटी नोंदी आहेत, असे समजा. प्रत्येक कार्डासाठी सगळी यादी पहिल्यापासून चाळायची म्हटली, तर एकावर अठरा शून्ये इतक्या तुलना होतात, आणि सेकंदाला दहा कोटी तुलना करणाऱ्या संगणकालाही त्यासाठी तीनशेहून अधिक वर्षे लागतील. आधारची यादी आधी क्रमाने लावलेली असेल आणि दर वेळी ती निम्मी करत शोध घेतला, तर एका कार्डामागे सुमारे ३० तुलना पुरतात आणि सगळे काम पाच मिनिटांत उरकते. निम्मे करत शोधण्याची ही रीत, म्हणजे बायनरी सर्च, मला पूर्वीही येत होती. परंतु तीनशे वर्षे आणि पाच मिनिटे यांच्यातला फरक अधिक वेगवान यंत्र विकत घेऊन भरून निघत नाही, हे मात्र मला कोणी इतक्या नेमकेपणाने सांगितले नव्हते.

पुढचा क्रम सरळ आहे. दुसऱ्या आठवड्यात शोध आणि सॉर्टिंग, तिसऱ्या-चौथ्यात ग्राफ (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांची जाळी), त्यानंतर युनियन-फाइंड, हीप, डिव्हाइड अँड कॉन्कर, सर्च ट्री, ग्रीडी पद्धती, डायनॅमिक प्रोग्रॅमिंग आणि अखेरीस लिनिअर प्रोग्रॅमिंग, नेटवर्क फ्लो व एनपी. लेक्चर लहान तुकड्यांत आहेत, बोलणे संथ आणि स्पष्ट आहे, आणि स्लाइडवर अनावश्यक सजावट नाही. ग्राफचा भाग मी भरभर पाहिला, कारण तो जुन्या अभ्यासातून बराचसा आठवत होता.

माझ्या मते या अभ्यासक्रमाचे खरे मोल ग्रीडी पद्धतींच्या, म्हणजे दर पायरीला त्या क्षणी सर्वांत चांगले दिसेल ते निवडण्याच्या पद्धतींच्या, आठवड्यात आहे, कारण तिथे सिद्धता ही परीक्षेपुरती गोष्ट राहत नाही. समजा, एका नाट्यगृहासाठी एकाच दिवसाचे अनेक अर्ज आले आहेत, प्रत्येकाची सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ दिली आहे, आणि जास्तीत जास्त कार्यक्रम बसवायचे आहेत. जो सर्वांत आधी सुरू होतो तो घ्यावा, असे सहज सुचते. पण सकाळी आठला सुरू होऊन रात्रीपर्यंत चालणारे एखादे संमेलन बाकी सगळ्यांना बाहेर ठेवते. सर्वांत छोटा कार्यक्रम आधी घ्यावा म्हटले, तर दोन मोठ्या कार्यक्रमांच्या सांध्यावर बसलेला अर्ध्या तासाचा सत्कार त्या दोघांनाही घालवतो. जो सर्वांत लवकर संपतो तो घ्यायचा, हा नियम मात्र टिकतो, आणि तो का टिकतो हे दाखवणारी सिद्धता अर्ध्या पानात मावते: दुसऱ्या कोणत्याही निवडीशी पायरीपायरीने तुलना केली, तरी आपली निवड कधीच मागे पडत नाही. चुकीचे दोन्ही नियम मला बरोबर वाटले होते. व्हिडिओ थांबवून स्वतः प्रतिउदाहरण शोधायचे आणि मगच पुढे जायचे, ही सवय मला या आठवड्याने लावली. ती न लावता नुसते पाहत गेल्यास प्रत्येक गोष्ट समजल्यासारखी वाटते आणि गृहपाठाला बसल्यावर काहीच सुचत नाही.

डायनॅमिक प्रोग्रॅमिंगमध्ये छोट्या उपप्रश्नांची उत्तरे कोष्टकात साठवून मोठा प्रश्न सोडवतात. त्यातील एडिट डिस्टन्सचा, म्हणजे एका शब्दाचा दुसरा करायला किमान किती अक्षरचिन्हे बदलावी, घालावी किंवा काढावी लागतात हे मोजण्याचा, भाग माझ्या रोजच्या कामाशी थेट भिडला. आमच्याकडे ग्राहकांच्या मराठी नावांची यादी आहे आणि त्यात एकच माणूस दोनदा नोंदला गेल्याचे प्रकार नेहमी आढळतात. शिकलेले कोष्टक मी त्या यादीवर चालवले. 'कोल्हापूर' आणि 'कोल्हापुर' यांच्यातील अंतर एक आले, ते रास्तच होते. परंतु 'शिंदे' आणि 'शिन्दे' यांच्यातील अंतर दोन आले, कारण संगणकाच्या लेखी अनुस्वाराच्या जागी न येतो आणि त्याखेरीज एक हलन्त वाढतो. वाचणाऱ्या माणसाला मात्र तिथे काहीच फरक ऐकू येत नाही. हे उदाहरण अभ्यासक्रमात नाही. पण प्रत्येक बदलाला वेगळी किंमत देता येते आणि कोष्टकाची रचना तीच राहते, हे उमजायला त्या लेक्चरचाच आधार होता.

काही उणिवाही नोंदवल्या पाहिजेत. आठव्या आठवड्यात फार गर्दी झाली आहे. एनपी म्हणजे ज्यांचे उत्तर तपासणे सोपे असते अशा समस्यांचा वर्ग; त्यातल्या सर्वांत अवघड समस्यांविषयीचा संगणकशास्त्रज्ञ स्टीफन कुक यांचा १९७१चा निष्कर्ष आणि त्यानंतर १९७२मध्ये रिचर्ड कार्प यांनी दाखवलेल्या तशाच २१ समस्या यांपासून जे दालन उघडले, त्याची येथे जेमतेम ओळख होते. रँडमाइज्ड (यादृच्छिक निवडीचा आधार घेणाऱ्या) आणि ॲप्रॉक्सिमेशन (सर्वोत्तमाच्या जवळचे उत्तर देणाऱ्या) अल्गोरिदमना स्वतंत्र आठवडा नाही. एखादी समस्या किती अवघड आहे हे दाखवण्यासाठी एक समस्या दुसरीत रूपांतरित करण्याचा सराव ज्याला हवा आहे, त्याला दुसरीकडे जावे लागेल. शिवाय सगळे शिकवणे इंग्रजीत आहे; भाषा सोपी असली, तरी मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने पहिले दोन आठवडे वेग कमी ठेवून, टिपा आपल्या शब्दांत लिहून काढाव्यात. माझ्या वहीत 'वर्स्ट केस'पुढे 'नशीब पूर्ण फिरल्यास' असे लिहिलेले आहे.

नावनोंदणी आणि शिकणे विनामूल्य आहे. प्रमाणपत्र हवे असेल, तर केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. मी दिली तेव्हा तिचे शुल्क १००० रुपये होते. परीक्षेला ७५ टक्के आणि गृहपाठाला २५ टक्के भार असतो. प्रमाणपत्राचा मला नोकरीत काडीचाही उपयोग झालेला नाही, तरीही ते पैसे वाया गेले असे मी म्हणणार नाही, कारण शुल्क भरले नसते, तर पाचव्या आठवड्यात हीपपाशीच मी थांबलो असतो. प्रोग्रॅमिंगचा गृहपाठ आपोआप तपासला जातो. उत्तर बरोबर असूनही वेळमर्यादेत न बसणारा प्रोग्रॅम तिथे नापास होतो, आणि पहिल्या आठवड्यातले वाढीचे गणित खऱ्या अर्थाने तेव्हाच अंगवळणी पडते.

केवळ मुलाखतीतील ठरावीक प्रश्नांची तयारी करायची असेल, तर आठ आठवडे खर्च करण्याची गरज नाही. एखाद्या भाषेत लूप, ॲरे आणि रिकर्जन सहज लिहिता येत असेल आणि आठवड्याला सहा-सात तास कागद-पेन्सिल घेऊन बसण्याची तयारी असेल, तर मात्र पुढच्या सत्राची नोंदणी सुरू होताच नाव घालावे, आणि गृहपाठ शेवटच्या रात्रीवर टाकू नये. मी तिसऱ्या आठवड्यात तो टाकला होता आणि त्याचे गुण गमावले.