गोडं लोणी की विरजलेलं? घरी लोणी काढण्याआधी हे ठरवा

‘गोड ताक’ म्हटलं की त्यात साखर घातली असेल असं आपल्याकडे कुणाला वाटत नाही. गोड म्हणजे आंबट न झालेलं. लोण्याचंही तसंच. नात्यातल्या, शेजारच्या नव्याने संसार मांडलेल्या मुली मला विचारतात, घरी गोडसर आणि खमंग लोणी कसं काढायचं? मी त्यांना आधी एकच गोष्ट विचारते: साय विरजणार, की न विरजताच घुसळणार? रवी की मिक्सर, हे नंतर बघू. लोण्याची चव साय किती तास आंबली त्यावर ठरते.

मी दोन्ही प्रकारांनी लोणी काढते. एकदा तर एकाच दिवशी, एकाच म्हशीच्या दुधाची साय दोन पातेल्यांत निम्मी-निम्मी करून काढलं आणि गरम भाकरीवर शेजारी शेजारी ठेवून घरात सगळ्यांना चाखायला दिलं. गोडं लोणी जिभेवर दुधासारखं लागतं, तापवलेल्या दुधाचा मंद वास येतो आणि चव पटकन विरून जाते. विरजलेलं लोणी आधी वासातच कळतं. मग किंचित आंबूस चव येते, आणि घास गिळल्यावरही खमंगपणा तोंडात रेंगाळतो. घरातल्या लहानांनी पहिलं उचललं, मोठ्यांनी दुसरं.

आधी साय मोजा

निवड करताना चवीच्या आधी घरात दूध किती येतं ते बघावं लागतं. पिशवीवर ‘फुल क्रीम’ लिहिलेल्या दुधात किमान 6 टक्के स्निग्धांश असतो. म्हणजे लिटरभर दुधात साधारण 60 ग्रॅम. टोन्ड दुधात तो 3 टक्केच असतो, डबल टोन्डमध्ये दीड. लोण्यात 80 टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश आणि बाकी बहुतेक पाणी असतं, त्यामुळे फुल क्रीमच्या लिटरमधला कण न् कण वर आला तरी 75 ग्रॅमच्या पुढे लोणी निघणार नाही. आणि कण न् कण वर येत नाहीच. साय काढल्यावर खालच्या दुधातही बराच स्निग्धांश राहतो. गवळ्याकडचं म्हशीचं दूध चांगलं असेल तर साय जाड येते. होमोजिनाइज केलेल्या दुधावर मात्र कितीही तापवलं तरी पापुद्र्यासारखीच येते, कारण त्यातले स्निग्धांशाचे थेंब यंत्रात इतके बारीक केलेले असतात की ते वर तरंगत नाहीत. असं दूध येत असेल तर साय साठवण्याच्या खटपटीत पडू नका.

गोड्या लोण्याची खरी अडचण इथेच आहे. त्याला साय ताजी लागते, दोन, फार तर तीन दिवसांची. चौथ्या-पाचव्या दिवशी फ्रीजमधल्या सायीला कडवट चव आणि उग्र वास यायला लागतो. थंडीतही वाढणारे जिवाणू तोवर स्निग्धांश फोडायला लागलेले असतात. ही साय आंबलेली नसते आणि गोडही राहिलेली नसते. तिचं लोणी कितीही धुतलं तरी तो वास जात नाही. आठवडाभर न विरजता साठवलेली साय घुसळून ‘गोडं लोणी जमत नाही’ म्हणणारे बहुतेक जण इथेच फसलेले असतात. दिवसाला लिटरभर दूध घेणाऱ्या घरात तीन दिवसांत घुसळण्याइतकी साय जमत नाही. मग ती रोजच्या रोज फ्रीझरमध्ये टाकायची आणि काढायच्या आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवायची. उतरल्यावर ती थोडी कणीदार, फुटल्यासारखी दिसते. घाबरू नका, लोण्याला त्याने काही होत नाही.

विरजलेल्या लोण्याला ही घाई नसते. पहिल्याच दिवशीच्या सायीत चमचाभर ताजं दही कालवायचं आणि रोजची साय त्यात घालत जायची. आंबटपणामुळे नको ते जिवाणू सहजासहजी माजत नाहीत. सहा-सात दिवसांनी काढलं तरी लोणी खाण्याजोगं निघतं. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या विरजूनच लोणी काढत आले, त्यामागे चवीइतकीच ही सोयही होती, कारण फ्रीज नव्हता.

पण हाच या पद्धतीचा तोटाही आहे. सात दिवस दह्यात मुरलेली साय चांगलीच आंबट होते आणि तिच्या लोण्यात गोडवा शोधूनही सापडत नाही. ते तुपाला उत्तम. नुसतं खायला मला आवडत नाही.

मधली वाट: अदमुरी साय

दही पुरतं आंबण्याआधीच्या टप्प्याला आपण अदमुरं म्हणतो. घट्ट लागलेलं, पण अजून गोडसर. सायीलाही हा टप्पा असतो, आणि माझ्या मते नुसतं खाण्याचं सगळ्यात चांगलं लोणी त्याच टप्प्यावर निघतं.

त्यासाठी साय आधी न विरजता साठवायची (तीन दिवस फ्रीजमध्ये, त्याहून जास्त असेल तर फ्रीझरमध्ये). काढायच्या आदल्या दिवशी सगळी एकत्र करून कोमट करायची, बोट बुडवलं तर जेमतेम ऊब लागावी इतकीच. अर्धा किलो सायीला एक मोठा चमचा ताजं, गोड दही. विरजण आंबट असेल तर सगळं गणित बिघडतं. उन्हाळ्यात सहा-सात तास, थंडीत दहा-बारा. साय घट्ट झाली, वर चकाकी आली आणि बोटावर घेतल्यावर आधी गोड, मग किंचित आंबूस लागली की लगेच फ्रीजमध्ये. तीन-चार तास चांगली गार झाली की घुसळायची.

विरजणातले काही जिवाणू दुधातल्या सायट्रिक आम्लापासून डायॲसिटिल नावाचा पदार्थ तयार करतात. आपण ज्याला ‘लोण्याचा वास’ म्हणतो तो मुख्यतः त्याचा. गोड्या सायीत तो जवळजवळ नसतो, म्हणून गोडं लोणी काहींना सपक वाटतं. मुंबईत एके काळी पोल्सनचं बटर घरोघरी असायचं, आणि ते आंबलेल्या सायीचं असायचं. पुढे अमूलने ताज्या सायीचं बटर आणलं तेव्हा त्याच चवीला सरावलेल्या गिऱ्हाइकांना ते फिकं वाटलं, आणि मीठ वाढवून, डायॲसिटिल घालून ते त्यांच्या जिभेला पटवावं लागलं. म्हणून लहानपणापासून विरजलेलं लोणी खाल्लेल्या माणसासाठी काढत असाल तर नुसतं गोडं काढू नका. ते शुद्ध असलं तरी त्याला ‘लोण्यासारखं’ लागणार नाही.

घुसळताना

इथे विरजलेली साय सरळ जिंकते. आंबटपणामुळे स्निग्धांशाच्या थेंबांभोवतीचं आवरण कमजोर होतं, ते चटकन एकमेकांना चिकटतात आणि ताकात कमी वाया जातं. रवीने काढणार असाल तर विरजलेलीच घ्या. गोड्या सायीला हात भरून येतात.

मिक्सरमध्ये दोन्ही निघतात. गोडी साय आधी फेसाळून केकवरच्या क्रीमसारखी फुगते आणि पात्याभोवती पोकळी करून बसते. नवखा माणूस इथेच थांबतो. चमच्याने खाली ढकला, दोन घोट गार पाणी घाला, पुन्हा फिरवा. मग मिक्सरचा आवाज बदलतो. एकसुरी घर्रर्र थांबते, भांड्यात काहीतरी थपथप आपटायला लागतं आणि झाकणाला आतून पाण्याचे शिंतोडे दिसतात. तेच लोणी. त्या क्षणी थांबायचं. पुढे फिरवत राहिलात तर पात्याच्या उष्णतेने लोणी मऊ पडतं आणि ताक पुन्हा त्यात कालवलं जातं.

दोन्हींत सगळा खेळ तापमानाचा आहे. साय 12 ते 14 अंशांच्या आसपास असावी. फार गार असली तर लोणी लवकर सुटत नाही, गरम असली तर तेलकट होतं आणि गोळाच धरत नाही. एप्रिल-मे महिन्यात बर्फाचं पाणी घालायचं, डिसेंबरात थोडं कोमट, हे जुन्या बायकांना थर्मामीटरशिवाय कळत होतं.

मग धुणं. लोणी गार पाण्यात दाबून दाबून, पाणी नितळ निघेपर्यंत, तीन-चारदा. आत राहिलेल्या ताकाने ते लवकर आंबतं. विरजलेल्या लोण्याला तीन पाणी पुरतात. गोड्यासाठी मी एक जास्त घेते, कारण त्यात राहिलेली दुधातली साखर लगेच आंबायला लागते. धुतलेलं, बिनमिठाचं लोणी फ्रीजमध्ये आठवडाभर चांगलं राहतं. मीठ घालायचं तर 100 ग्रॅमला दोन ग्रॅमच्या वर नको.

ताकाचं बोलायला नको. विरजलेल्याचं ताक प्यायला, कढीला. गोड्याचं पाणीदार दुधासारखं निघतं, ते कणकेत किंवा घावनाच्या पिठात घालते.

तयार क्रीम घेणार असाल तर

साय जमतच नाही, अशांना क्रीमचा डबा आकर्षक वाटतो. इथे दोन गोष्टी नीट बघा. पहिली म्हणजे टक्केवारी. साधं फ्रेश क्रीम बहुधा 25 टक्क्यांचं असतं. त्यात घट्टपणा टिकवणारे पदार्थ असतात, शिवाय ते होमोजिनाइज केलेलं असतं. त्याचं लोणी निघतं पण रडतखडत, आणि घरच्या सायीच्या लोण्यापेक्षा महागही पडतं. 35 टक्क्यांच्या पुढचं डेअरी क्रीम मिळालं तरच घ्या. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. केकच्या दुकानात ‘व्हिपिंग क्रीम’ म्हणून मिळणारं बरंचसं क्रीम वनस्पती तेलाचं आणि साखर घातलेलं असतं. ते दिवसभर फिरवलंत तरी लोणी येणार नाही. डब्यावर ‘नॉन-डेअरी’ लिहिलंय का ते वाचा.

परदेशात असणाऱ्यांचं काम उलट सोपं आहे. अमेरिकेतल्या हेवी क्रीममध्ये किमान 36 टक्के स्निग्धांश असतो, ब्रिटनच्या डबल क्रीममध्ये 48. चमचाभर जिवंत विरजणाचं दही घालून ते रात्रभर ओट्यावर ठेवलं की अदमुऱ्या सायीचंच लोणी निघतं. रंग मात्र पिवळसर येईल, कारण ते गाईचं असतं. गाईच्या दुधात बीटा-कॅरोटिन उतरतं. म्हैस त्याचं अ जीवनसत्त्व करून टाकते, म्हणून तिचं लोणी पांढरं शुभ्र.

खमंगपणाच जास्त हवा असेल तर

विरजणाचा खमंगपणा सौम्य असतो. भाजलेल्या काजूसारखा ठसठशीत वास हवा असेल तर तो फक्त आचेवर येतो. फ्रेंच स्वयंपाकात अशा लोण्याला ‘बर नोआझेत’ म्हणतात, नोआझेत म्हणजे हेझलनट. आपण तूप कढवतो तेव्हा याच वासाजवळून रोज जातो, फक्त बेरी गाळून टाकतो.

जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात करा. काळ्या भांड्यात बेरीचा रंग दिसत नाही आणि इथे रंगच सगळं सांगतो. लोणी मंद आचेवर ठेवलं की आधी तडतडतं, ते त्यातलं पाणी. तडतड शांत झाली की बारीक, दाट फेस वर येतो. आता नजर हलवायची नाही. बुडाशी पांढरे कण आधी पिवळट, मग बदामी होतात आणि वास एकदम बदलतो. बदामी दिसताक्षणी गॅस बंद करून सगळं, बेरीसकट, गार भांड्यात ओता. पातेल्यातच ठेवलंत तर त्याच्याच उष्णतेने पुढच्या मिनिटात बेरी काळी पडून कडू होते.

यासाठी गोडं लोणी घ्या. बदामी रंग आणि तो वास दुधातली साखर आणि प्रथिनं एकत्र तापल्यावर येतो. विरजताना त्यातली बरीच साखर आंबून गेलेली असते. म्हणून भाजण्यासाठी लोणी काढताना मी ते एकाच पाण्याने धुते. विरजलेल्याची बेरीही छान लागते, लहानपणी साखर घालून खाल्ली असेल तर आठवत असेल, पण तिच्यात आंबूसपणा असतो. उलट साधं तूपच करायचं असेल तर विरजलेलं लोणी घ्या. गोड्या सायीच्या तुपाला तो दरवळ येत नाही.

100 ग्रॅम लोण्यातलं पाणी उडालं की 80 ग्रॅमच्या आसपास उरतं. ते तुपासारखं थिजतं, पोळीवर पसरत नाही. म्हणून मी ते कोमट असतानाच त्याच्या निम्मं ताजं गोडं लोणी तयार ठेवते. भाजलेलं लोणी गार पाण्यावर ढवळत दाटसर झालं की हे ताजं त्यात फेटते आणि वरून चिमूटभर मीठ. बेरीचे बदामी ठिपके दिसणारं, मऊ, थोडं गोड लोणी तयार होतं. गरम ज्वारीच्या भाकरीवर ते टाकलं की ठिपके तेवढे वर राहतात आणि बाकीचं भाकरीत मुरून जातं.