रंकाळ्यावर आठ महिने: आबांबरोबरच्या पहाटफेऱ्यांचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरात आबांच्या हृदयात स्टेंट बसवला आणि डॉक्टरांनी रोज चालायचं बजावलं. घर कोल्हापुरात गंगावेशीजवळ, त्यामुळं रंकाळा तलाव सोडून दुसरीकडं जायचा प्रश्नच नव्हता. मधला आबांच्या तापाचा आठवडा सोडला तर जूनपर्यंत एकही पहाट चुकली नाही.

बाहेरचे पाहुणे रंकाळा बघतात तो संध्याकाळी, चौपाटीवर. भेळ, कणसं, पोरांची गर्दी. तीही मजा आहे, पण माझं म्हणणं, एकदा तरी पहाटे या. सूर्य काठावरच्या रंकाळा टॉवरच्या मागून वर येतो आणि पहिलं ऊन पलीकडच्या काठावर शालिनी पॅलेसच्या घड्याळाच्या मनोऱ्यावर पडतं. 1931 ते 1934 या काळात बांधलेला हा काळ्या दगडाचा वाडा दिवसभर गंभीर दिसतो. पण त्या पाच-दहा मिनिटांत दगडाला उबदार तांबूस रंग चढतो, खाली पाण्यात त्याचं प्रतिबिंब हलत असतं आणि मधूनच एखादा पाणकावळा बुडी मारून ते मोडतो. आबा तिथं हटकून थांबायचे. दम लागला म्हणून नाही, बघायला.

आबांचं पाणी मोजायचं माप म्हणजे संध्यामठ, तलावातला जुना दगडी मठ. हिवाळ्यात तो जवळपास पाण्यातच होता. फेब्रुवारीपासून रोज थोडा थोडा उघडा पडत गेला, आणि मे महिन्यात खांबांवर पाण्याच्या जुन्या रेषा एकाखाली एक स्पष्ट दिसायला लागल्या. "आज बोटभर उतरलंय," आबा सांगायचे. नंदीची गोष्टही त्यांनी तेव्हाच सांगितली. काठावरचा नंदी रोज गव्हाभर पुढं सरकतो आणि तांदळाभर मागं येतो, तो तळ्यापर्यंत पोचला की प्रलय. लहानपणी ऐकली होती, पण नंदीशेजारी उभं राहून ऐकताना अंगावर काटा आला.

आता दुखणं. मार्चनंतर परताळ्याकडून, म्हणजे रंकाळ्याला लागूनच्या छोट्या तळ्याकडून, जाताना नाकाला रुमाल लावावा लागला. नाल्यातून सांडपाणी येतं, त्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ आणि केंदाळ (जलपर्णी) माजतं, रात्रीत पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि प्रत्येक वेळी पोटात कालवलंय. केंदाळ काढलं की महिनाभर बरं वाटतं, पण नाला तसाच राहिला तर ते परत येणारच. फरसबंदीही काही ठिकाणी उचकटलीय. जानेवारीत अंधारात आबांचा पाय तिथंच अडखळला, हाताला धरलं म्हणून निभावलं. वयस्कर माणूस बरोबर असेल तर उजाडल्यावरच निघा.

पूर्ण फेरी जमत नसेल तर पद्माराजे उद्यानात बसा, झाडांची सावली चांगली आहे. फिरून झालं की गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर समोर काढलेलं म्हशीचं धारोष्ण दूध मिळतं. आबांना मलई बंद आहे, म्हणून आम्ही दोघंही चहावर भागवतो.

मृगाचा पाऊस पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी आबा छत्री घेऊन माझ्या आधी दारात उभे होते. मठाची खालची पायरी बुडाली का, हे त्यांना बघायचं होतं.