लायपोसक्शन आणि तो पट्टा: आठ महिन्यांनंतर

लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी ओढून काढण्याची शस्त्रक्रिया, झाल्यावर जो पट्टा अंगाला आवळून घालतात, त्याची चेन गेली ती आठ-चौदाच्या लोकलमध्ये, मुंब्रा मागे पडल्यावर. कर्र आवाज झाला आणि पाच आठवडे आवळून ठेवलेलं पोट एकदम सुटलं. लेडीज डब्यात कुणाला काय सांगणार! शेजारच्या काकूंनी एक शब्द न विचारता पर्समधून चार सेफ्टी पिना काढून दिल्या आणि ठाणे येईपर्यंत ओढणीचा आडोसा धरला. त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत हे लिहायला घेतलं, त्यामुळे पहिल्या भागाचा सूर तापलेला आहे. दुसरा भाग आत्ता डिसेंबरात लिहिलाय. तिथे काही वाक्यं मागे घ्यावी लागली आहेत.

लायपो कशी करतात ते सांगत बसत नाही. सलाइनमध्ये लिग्नोकेन (बधिर करणारं औषध) आणि ॲड्रेनलिन मिसळून पोटात सोडतात आणि मग बारीक नळीने चरबी ओढतात, हे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. माझी माहिती एवढीच: वय 43, उंची 158 सेंमी, वजन 66 किलो, दोन सिझेरियन, डोंबिवली ते भायखळा रोजचा प्रवास. पोट आणि दोन्ही कुशी करून घेतल्या. एकूण 2.8 लिटर निघालं. त्यातली चरबी 1.9 लिटर, बाकीचं त्यांनीच आत सोडलेलं पाणी आणि थोडं रक्त. चरबी पाण्यापेक्षा हलकी, म्हणजे वजनात पावणेदोन किलोसुद्धा भरली नाही. मी अकाउंट्समध्ये असल्याने भाव काढल्याशिवाय राहवलं नाही. पॅकेज 1,35,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 24,300, एकूण 1,59,300. किलोला 93 हजार पडले. या भावाला लोक वस्तू घरी आणतात, मी देऊन आले.

जीएसटीचं आधी विचारा. आजारावरच्या उपचाराला तो नाही, पण सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला आहे, आणि फोनवर दर सांगणारी मुलगी तो कधीच धरून सांगत नाही. जन्मजात व्यंग किंवा अपघातानंतरची दुरुस्ती असेल तर गोष्ट वेगळी. मेडिक्लेमचा विषय तर काढूच नका. कॉस्मेटिक सर्जरी वगळल्याचं कलम पॉलिसीत ठरलेलंच असतं. नवऱ्याने तरी ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीवाल्याला फोन लावून पाहिला. तो माणूस हसला नाही, एवढी त्याची सभ्यता.

आता पट्टा. क्लिनिक त्याला ‘गारमेंट’ म्हणतं. छातीच्या खालपासून अर्ध्या मांडीपर्यंत, पुढे तीन रांगा हूक, त्यावर बाजूने चेन आणि बाथरूमला जाण्यासाठी खाली एक फट. (त्या फटीबद्दल अधिक लिहीत नाही. ऑफिसच्या संडासात पहिल्या दिवशी मी रडले, इतकंच.) किंमत 6,500, पॅकेजच्या बाहेर, आणि डिस्चार्जच्या कागदांसोबत बिलात. आधी कुणी बोललं नव्हतं. पहिले चार आठवडे चोवीस तास, पुढचे चार आठवडे बारा तास घालायचा. किती दिवस घालायचा याचं उत्तर प्रत्येक सर्जनचं वेगळं असतं, हे मला नंतर कळलं.

पहिल्या रात्री टाक्यांच्या छिद्रांतून गुलाबी पाणी गळत राहतं. हे चांगलंच असतं, आत साचण्यापेक्षा बाहेर आलेलं बरं, पण गादीचं काय? मुलाची बाळपणातली रबरी चादर माळ्यावरून काढली, तिने लाज राखली. सासूबाई हूक लावायला यायच्या. पहिला आठवडा दोन माणसांशिवाय तो पट्टा लागतच नाही. त्या एकदा म्हणाल्या, “अगं, हे बाळंतिणीचं पोट बांधल्यासारखंच की. आम्ही जुन्या लुगड्याने बांधायचो, फुकटात.” आणि बाळंतीण म्हटल्यावर डिंकाचे लाडूही आले. किलोला 93 हजार देऊन काढलेल्या चरबीवर साजूक तुपातले लाडू! दोन खाल्ले.

एक गोष्ट मात्र मस्करीची नाही. तिसऱ्या दिवशी आंघोळीसाठी पट्टा पहिल्यांदा उघडला आणि उभ्या उभ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. आवळलेलं अंग एकदम सुटलं की रक्तदाब खाली जातो. नवरा बाथरूमच्या दाराशी होता म्हणून बादलीवर आपटले नाही. पहिल्यांदा उघडताना पलंगावर बसून उघडा, आधी पोटात काहीतरी असू द्या, आणि घरात माणूस हवाच. हे छापील सूचनापत्रकात नव्हतं. विचारल्यावर नर्स म्हणाली, “हो, होतं तसं कधी कधी.”

माझी एक चूक म्हणजे महिना. मार्च एंडिंग उरकून एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात रजा मिळाली म्हणून तेव्हाच करून घेतलं. डोंबिवलीचा एप्रिल-मे, अंगाला चोवीस तास इलॅस्टिक, आत फोमचे तुकडे आणि आठ-चौदाची गर्दी. मांडीच्या कडेला घामोळं, मग चट्टे. पट्टा हाताने धुवायचा, सावलीत वाळवायचा, मशीनला लावायचा नाही, नाहीतर ताण जातो. तो वाळेपर्यंत घालायचं काय, याचं उत्तर क्लिनिककडे एकच होतं: दुसरा पट्टा, 6,500.

आणि पाचव्या आठवड्यात चेन गेली. क्लिनिकमध्ये म्हणाले, “मॅडम, गारमेंटला वॉरंटी नसते. ते कन्झ्युमेबल आहे.” मी म्हटलं, कन्झ्युमेबल म्हणजे कापूस. साडेसहा हजाराची वस्तू ज्या आठ आठवड्यांसाठी दिलीत तेवढी तरी टिकायला हवी ना? फोटो पाठवा, बिल पाठवा, मॅनेजर रजेवर आहेत, असे अकरा दिवस गेले. शेवटी स्टेशनजवळच्या सर्जिकल दुकानातून तशाच दिसणाऱ्या आकाराचा पट्टा 2,900 ला घेतला आणि इथे लिहिलं: “पट्टा म्हणजे पट्टा. क्लिनिकच्या नावाचं लेबल लावून दुप्पट दराने विकतात. तिथून घेऊ नका.”

मे महिन्यातलं लिखाण इथे संपतं.

आता डिसेंबर. ते शेवटचं वाक्य अर्धं मागे घेते. तो 2,900 चा पट्टा बसल्यावर कमरेशी गुंडाळला जायचा. लोकलमध्ये तासभर बसून प्रवास, मग आठ तास खुर्ची. दोन आठवड्यांत डाव्या कुशीवर आडवी खाच पडली, बोट घातलं तर बसेल अशी. सूज उतरत असताना आतलं मांस जसं दाबलं जातं तसं बसतं, घडी पडली तर तिथे घडीच बसते. डॉक्टरांनी पाहिलं आणि चेहरा पाडून विचारलं, “हा कुठून घेतलात?” मी शाळेतल्या पोरीसारखी गप्प. त्यांनी खाचेवर फोम लावून दिला, मसाज वाढवले आणि त्यांच्याकडचा नवा पट्टा निम्म्या किमतीत दिला, 3,250. रिसेप्शनवर अकरा दिवस जे झालं नाही ते डॉक्टरांनी अर्ध्या मिनिटात केलं. खाच भरायला ऑक्टोबर उजाडला, अजून बोट फिरवलं तर कळते. म्हणजे पट्टा त्यांच्याकडूनच घ्या, या आग्रहाला कारण होतं. दराला नव्हतं, आणि चेनला तर मुळीच नव्हतं.

दुसरा पट्टा आधीच घेऊन ठेवावा की नाही, यावरही माझं मत फिरलंय. सुरुवातीला सगळ्यांना सांगत सुटले होते की दोन एकदम घ्या. पण सूज उतरल्यावर माप बदलतं. मला पहिला एल लागला, सहा आठवड्यांनी एम. एकदम दोन घेतले असते तर एक सैल होऊन पडून राहिला असता. पहिला घ्या, वाळेपर्यंत पंख्याखाली झोपून राहा, दुसरा लहान मापाचा नंतर.

निकालाबद्दल एवढ्या उशिरा लिहितेय, कारण निकालच उशिरा येतो. पहिल्या आठवड्यात माझं वजन चक्क दीड किलो वाढलं होतं, सगळी सूज. काळेनिळे डाग तीन आठवडे. मग पोट लाकडासारखं कडक, मधे मधे गाठी, नाभीखालची कातडी बधिर, जशी दुसऱ्याच बाईची. जूनमध्ये मी नवऱ्याला म्हटलं, पैसे पाण्यात गेले. (त्याने “पाणीच काढलं ना” असा विनोद केला, तो माफ केलेला नाही.) ऑगस्टपासून कडकपणा सुटत गेला. दिवाळीच्या ड्रेसचं माप घेताना शिंपीकाकांनी जुनी वही काढली, पेन कानावर ठेवून दोनदा टेप लावली: 37 च्या जागी साडेतेहतीस. वजनकाट्यावर मात्र 64.4. लायपोने आकार जातो, वजन नाही, हे वाक्य मी शंभरदा वाचलं होतं. त्या वहीपाशी उभं राहिल्यावर ते समजलं.

नाभीखालची सैल कातडी तशीच आहे. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत चिमटीत धरून सांगितलं होतं की ही चरबी नाही, दोन सिझेरियननंतरची कातडी आहे. नळीने जाणार नाही, टमी टक (सैल कातडी कापून काढण्याची शस्त्रक्रिया) लागेल, आणि जास्त ओढलं तर आणखी लोंबेल. ते ऐकून मी तेव्हा नाराज झाले होते. आता वाटतं, तिथेच त्यांनी माझा विश्वास कमावला होता. आधी सोनोग्राफी करायला लावली तेव्हाही मला ते पैसे काढणं वाटलं. कारण साधं होतं: नाभीपाशी किंवा जुन्या टाक्यांपाशी बारीक हर्निया असेल आणि तिथे नळी गेली, तर आतडं फाटू शकतं.

माझा खरा अपेक्षाभंग साखरेचा. एचबीए1सी (तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) 6.1 होतं. पोट गेलं की साखर उतरेल, असं मी मनाशी धरून बसले होते. ऑक्टोबरात 6.2. साखर बिघडवते ती आतड्यांभोवतीची चरबी, आणि नळी पोचते कातडीखालच्या चरबीपर्यंत. डॉक्टरांनी एका अमेरिकन अभ्यासाबद्दल सांगितलं होतं, 2004 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापलेला. 15 लठ्ठ बायकांच्या पोटावरची जवळजवळ दहा-दहा किलो चरबी काढली, आणि तीनेक महिन्यांनी पाहिलं तर इन्सुलिनचं काम, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, कशातच सुधारणा नाही. दहा किलो जाऊन फरक नाही, माझे पावणेदोन कुठे! सांगितलं होतं त्यांनी, मीच ऐकलं नाही. आता रोज चालते. लाडूंचं आधी कबूल केलंय.

डॉक्टर कसे निवडले तेही सांगते. आधी कल्याणजवळच्या एका स्लिमिंग सेंटरमध्ये गेले होते, तिथे 80,000 त ‘लंच टाइम लायपो’ होती, सकाळी या, संध्याकाळी घरी. भूल कोण देणार विचारलं तर “सरच देतात”. मी घरी येऊन सरांचं नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर टाकलं. नाव होतं, पण प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डीएनबी काही नव्हती. पाटीवर ‘कॉस्मेटिक सर्जन’ कुणीही लिहितं, पदवी बघा. मे 2022 मध्ये बंगळुरूत कन्नड मालिकांतली 21 वर्षांची अभिनेत्री चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर गेली, ती बातमी तेव्हा डोक्यात होती. 80,000 सोडून दुप्पट दिले, आणि माझ्यासारख्या चिकट बाईने असं केलं म्हणजे बघा.

शिवाय ते बधिर करणारं औषध. ते चरबीतून रक्तात सावकाश उतरतं, रक्तातलं प्रमाण सगळ्यात वर जातं ते साधारण बारा तासांनी. म्हणजे संध्याकाळी घरी सोडलेली बाई मध्यरात्री लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर असते तेव्हा. म्हणून वजनाच्या हिशेबाने ते मोजावं लागतं, साधारण किलोमागे 55 मिलिग्रॅमच्या वर जात नाहीत. माझ्या भूलतज्ज्ञ बाईंनी माझं वजन सकाळी पुन्हा करून घेतलं होतं. एक रात्र ठेवलं, आणि त्याच संध्याकाळी नर्सने हाताला धरून कॉरिडॉरमध्ये चालवलं. पायात रक्ताची गाठ होऊन ती फुप्फुसात गेली तर संपलंच. पाच लिटरच्या वर काढणार असतील तर आयसीयू असलेलं हॉस्पिटल आहे का, एवढं तरी विचारा. मी 2.8 लाच घाबरले होते.

एकूण हिशेब: 1,59,300, तपासण्या 3,800, औषधं 4,100, सहा मसाज 7,200, पट्टे तीन मिळून 12,650. झाले 1,87,050. फोनवर ऐकला होता तो आकडा 1,35,000. ॲडव्हान्स भरण्याआधी कागदावर लिहून घ्या, आणि त्यात पट्टा वेगळ्या ओळीत लिहायला लावा. किती दिवस, किती पट्टे, फाटला तर कोण देणार.

पुन्हा करशील का, असं बहिणीने विचारलं. हो, पण नोव्हेंबरात.

पहिला पट्टा फेकवत नव्हता, कपाटात होता. परवा स्टेशनबाहेर बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडे नेला. त्याने उलटसुलट करून पाहिला, काय आहे ते विचारलं नाही, रनर बदलून दहा मिनिटांत चेन चालू करून दिली. साठ रुपये.