डीसी, मॅग्नेट की सेंट्रिफ्युगल? बाससाठी बेटकास्टिंग रीळ घेताना

"डीसी घेऊ का?" (डीसी म्हणजे छोट्या संगणकाने ब्रेक लावणारं रीळ) हा प्रश्न टेक्सासातल्या डॅलसकडच्या आमच्या मराठी गळवाल्यांच्या कंपूत दर फेब्रुवारीत उठतो. पाणी तापायला लागतं, मोठ्या माद्या उथळाकडे सरकतात आणि गेलं वर्षभर काठीखाली लटकणाऱ्या स्पिनिंग रिळावर भागवलेल्या माणसाला काठीवर बसणाऱ्या बेटकास्टरचे वेध लागतात. यंदा विचारणाऱ्याच्या हातात दोनशे डॉलर होते आणि यादीत तीन रिळं होती: शिमानोचं क्युराडो २००, दाइवाचं टॅटुला आणि शिमानोचंच एसएलएक्स डीसी. तिन्हींच्या किमती जवळपास होत्या, म्हणजे किमतीवरून निकाल लागत नव्हता. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: टॅटुला. कारणं पुढे येतीलच, आणि कोणी टॅटुलाच्या वाटेला जाऊ नये तेही.

आधी एक खुलासा. फोनवर "बास पकडला" म्हटलं की अलिबागकडच्या नातेवाइकांच्या डोळ्यांसमोर जिताडा येतो. जिताडा खाडीतला, आशियाई सीबास. इथला लार्जमाउथ बास वेगळ्याच कुळातला आणि गोड्या पाण्यातला. बुडालेल्या झाडांच्या खोडांत नाहीतर हायड्रिलाच्या गवतात दबा धरून बसतो. त्याला तिथून उपसून काढायचं तर जाड लाइन, म्हणजे गळाची दोरी, आणि ताठ काठी हवी, आणि स्पूल, म्हणजे लाइन गुंडाळलेली चकरी, थेट अंगठ्याखाली असायला हवा. बेटकास्टरचा सगळा खटाटोप यासाठी. सात ग्रॅमच्या आतलं हलकं आमिष टाकायचं असेल तर मात्र जुनं स्पिनिंगच बरं, त्यासाठी नवं रीळ घेऊ नका.

गुंता होतो तो कुठे?

आमिष हवेत सुटलं की ते पुढे जाता जाता मंदावतं. स्पूलला ते कळत नाही, तो आपला गरगर फिरतच राहतो. बाहेर जाते त्यापेक्षा जास्त लाइन सुटते, फुगते आणि बघता बघता रिळावर कावळ्याचं घरटं तयार होतं. धोक्याचे क्षण दोन. पहिला, फेक सुटल्या सुटल्या, स्पूल सर्वांत वेगात असताना. दुसरा, आमिष पाण्याला टेकताना. दुसऱ्या क्षणाला तुमचा अंगठाच कामाला येतो, त्याला पर्याय कोणत्याही कंपनीने विकायला काढलेला नाही. पहिला क्षण ब्रेक सांभाळतो, आणि ही तीन रिळं खऱ्या अर्थाने वेगळी पडतात ती ब्रेकमध्येच.

क्युराडोचा ब्रेक सेंट्रिफ्युगल. स्पूलबरोबर फिरणारे चिमुकले ठोकळे वेगामुळे बाहेर फेकले जातात आणि कड्यावर घासतात. वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो, आणि वेग उतरला की तितक्याच झपाट्याने ओसरतो. त्यामुळे सुरुवातीला घट्ट लगाम आणि नंतर जवळजवळ मोकळं रान. वारा नसलेल्या सकाळी अर्ध्या औंसाचं, म्हणजे १४ ग्रॅमचं स्पिनरबेट (फिरत्या पात्याचं आमिष) यावर सुंदर लांब जातं. तोंडावर वारा असला की हेच मोकळं रान अंगाशी येतं, कारण आमिष मध्येच अडतं आणि तोवर ब्रेकचा जोर संपलेला असतो.

टॅटुलाचा ब्रेक मॅग्नेटिक. चुंबकांजवळ धातू फिरला की त्यात वीजप्रवाह घुमतात आणि फिरण्याला विरोध करतात. कशाला काही घासत नाही. साध्या मॅग्नेटिक ब्रेकचं दुखणं असं की तो शेवटपर्यंत थोडा थोडा धरून ठेवतो आणि लांबी खातो. दाइवाने त्यावर काढलेली तोड मला फार आवडते: स्पूलला जोडलेली एक छोटी वाटी वेग वाढला की स्वतःच सरकून चुंबकांच्या टापूत शिरते आणि वेग उतरला की स्प्रिंगच्या जोराने परत मागे येते. बाहेरून फिरवायची तबकडी ० ते २०. शिवाय टॅटुलाचा लाइन गाइड टी अक्षराच्या आकाराचा आहे. फेकताना लाइन वरच्या रुंद भागातून सुटते, गुंडाळताना खालच्या अरुंद खाचेत बसते.

डीसीत छोटा संगणक असतो. बॅटरी लागत नाही, स्पूलच्याच फिरण्यावर त्याची वीज तयार होते. दर हजाराव्या सेकंदाला वेग मोजून तो ब्रेक कमीजास्त करतो, असा शिमानोचा दावा आहे. फेकताना बारीक 'व्हीऽऽऽ' असा आवाज येतो. काहींना तो आवडतो, माझ्या बोटीवरच्या जोडीदाराला दाढदुखी आठवते. तबकडीवर चारच टप्पे. समोरून वारा असताना नवख्या माणसाची फेक डीसी जेवढी सांभाळतो तेवढी बाकीची दोन सांभाळत नाहीत, हे मान्य करायलाच हवं. दक्षिणेकडचा वारा टेक्सासच्या वसंतात पाहुण्यासारखा मुक्कामाला येतो, तेव्हा हा गुण लहान नाही.

मग तरी टॅटुला का?

कारण रीळ फक्त पाण्यावर वापरायचं नसतं, ते घरी उघडायचंही असतं.

रीळ उघडायला लोक घाबरतात. पण मुळात ही घड्याळजींची वस्तू आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला केंटकीतल्या पॅरिस नावाच्या गावात अशी गिअरवाली रिळं बनवणारा जॉर्ज स्नायडर घड्याळं दुरुस्त करायचा. स्वीडनची आबू कंपनी १९२१ मध्ये निघाली ती घड्याळांच्या कारखान्यापासून, आणि शिमानो त्याच वर्षी जपानमधल्या साकाईत निघाली, ती आधी सायकलची फ्रीव्हील बनवायची. म्हणजे दातेरी चाकं, बेअरिंग आणि नेमकं तेल, यापलीकडे आत जादू नाही. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मसाल्याचा रिकामा डबा घेऊन बसतो. सात वाट्या असतात; जो भाग आधी निघाला तो पहिल्या वाटीत, पुढचा दुसऱ्या. प्रत्येक पायरीचा फोटो. आणि क्लचची बारीक स्प्रिंग उडून फ्रीजखाली जाते हे गृहीत धरून खाली पांढरा टॉवेल.

दर फेरीनंतरचं काम तिन्हींना सारखं: ओल्या फडक्याने पुसायचं, सुकवायचं, ड्रॅग (मासा जोरात ओढू लागला की लाइन सुटू देणारी यंत्रणा) सैल करून ठेवायचा म्हणजे वॉशर दबून राहत नाहीत. नळाच्या जोरदार धारेखाली धरू नका, पाणी घाण आत ढकलतं. चारपाच फेऱ्यांनी स्पूलच्या दोन्ही बेअरिंगवर रिळाच्या पातळ तेलाचा एकेक थेंब, आणि लाइन गाइडला इकडून तिकडे नेणाऱ्या आट्यांच्या दांड्यावर एक थेंब. थेंब म्हणजे थेंबच. जास्त तेलाने बेअरिंग जड होतं आणि फेक आखडते. वर्षातून एकदा हँडलची बाजू उघडून मुख्य गिअरवर पातळ थर ग्रीस. ड्रॅगच्या कार्बन वॉशरना त्यांचंच ग्रीस, तेल नाही. हँडल उलटं फिरू न देणारं जे बेअरिंग असतं त्याला ग्रीस अजिबात नको. लावलंत तर मासा ओढत असताना हँडल मागे घसरेल.

फरक सुरू होतो ब्रेकपाशी. सेंट्रिफ्युगलमध्ये ठोकळे घासतात, म्हणून ते झिजतात, आणि ज्या कड्यावर घासतात ते कोरडं ठणठणीत लागतं. पहिल्या वर्षी मी उत्साहाने त्या कड्यालाही तेल लावलं. एका फेकीत ब्रेक लागायचा, दुसरीत नाही. अख्खा रविवार मी लेक फोर्क या इथल्या तलावावर लाइन सोडवत बसलो आणि शेजारच्या बोटीतला म्हातारा मला बोटीला बोट लावून सल्ले देत होता. शेवटी इयरबड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने कडं पुसलं, तेव्हा रीळ माणसात आलं.

मॅग्नेटिकमध्ये झिजायला ठोकळाच नाही. ती सरकणारी वाटी मोकळी सरकते ना एवढं बघायचं, तिथे चिकट ग्रीस जाऊ द्यायचं नाही, झालं. डीसीमध्ये स्पूल काढून बेअरिंगला तेल घालता येतं, पण ब्रेकच्या युनिटला हात लावायचा नाही. ते बिघडलं तर रीळ सर्व्हिसला पाठवायचं आणि ऐन हंगामात वाट बघायची. तीन-चार रिळं असणाऱ्याला चालेल. एकच रीळ असणाऱ्याला नाही.

दुसरं कारण अंगठ्याचं. डीसीवर शिकलेला माणूस दुसऱ्याचं साधं रीळ हातात घेतो तेव्हा पहिल्याच फेकीत घरटं बांधतो. टॅटुलावर तबकडी १५ ला ठेवून सुरुवात करा. आधी स्पूल टेन्शनचा नॉब इतका आवळा की आमिष सावकाश खाली जाईल आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबेल. मग दर फेरीला ब्रेक एखादा अंक कमी करत जा. दोन महिन्यांत आकडा ६-७ वर येतो आणि अंगठा शहाणा झालेला असतो.

टॅटुला कोणी घेऊ नये? ज्याला उघड्या पाण्यावर जड आमिष लांबवर फेकायचंय आणि अंगठा आधीच तयार आहे, त्याने क्युराडो घ्यावं; ते हातात घट्ट, मऊ आणि अनेक वर्षं टिकणारं वाटतं. ज्याला महिन्यातून एक रविवार मिळतो, शिकायला वेळ नाही आणि मुलाबाळांसमोर गुंता सोडवत बसायचं नाही, त्याने खुशाल डीसी घ्यावं.

गिअर रेशोबद्दल, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात स्पूल किती वेळा फिरतो त्याबद्दल, थोडंसं, कारण दुकानात आकड्यांनी डोकं फिरतं. क्युराडो २०० ची के मालिका ६.२, ७.४ आणि ८.५ अशा तीन रेशोंत आली. हँडलच्या एका फेऱ्यात अनुक्रमे २६, ३१ आणि ३६ इंच लाइन आत येते. खोल जाणाऱ्या क्रँकबेट या आमिषाला हळू रेशो हवा, नाहीतर मनगट भरून येतं. गवतावरून बेडकाच्या आकाराचं आमिष आणि खोडांतून जिग (जड डोक्याचा गळ) ओढायला आठच्या पुढचा. एकच रीळ घ्यायचं तर सातच्या आसपासचं घ्या. फेऱ्याचा वेग हाताने कमी करता येतो, ६.२ ला ८.५ करता येत नाही.

ड्रॅगच्या कमाल आकड्याला भुलू नका. टेक्सासचा विक्रमी लार्जमाउथ १८.१८ पौंडांचा, जानेवारी १९९२ मध्ये लेक फोर्कमध्येच सापडलेला. तसा मासा लागला तरी ११ पौंडांचा ड्रॅग पुरतो, कारण ड्रॅग लावायचा तो लाइनच्या ताकदीच्या चौथाई ते तिहाईवर.

आणि घेताना हँडल कोणत्या बाजूला आहे ते खोक्यावर दोनदा वाचा. उजव्या हाताचे बरेच अमेरिकन उजवं हँडल वापरतात, म्हणजे उजव्याने फेकून काठी डाव्यात घेतात. स्पिनिंगवरून येणाऱ्याची सवय डाव्याने गुंडाळायची असते, त्याला डावं हँडल सोपं जातं. ब्रेड, म्हणजे विणलेली लाइन भरणार असाल तर आधी स्पूलवर दहाबारा वेढे मोनोचे, म्हणजे साध्या नायलॉन लाइनचे द्या. नाहीतर ब्रेड गुळगुळीत स्पूलवर सगळीच्या सगळी घसरत फिरते, आणि नवं रीळ ड्रॅग खराब म्हणून दुकानात परत जातं.