मीटररूमचं काम: कोटेशनमध्ये 'मेन स्विच', बॉक्समध्ये आयसोलेटर

सोळा फ्लॅटच्या एका जुन्या सोसायटीने मीटररूमचं वायरिंग नव्याने करून घेतलं. कोटेशनमध्ये ओळ होती, 'प्रत्येक मीटरला डीपी मेन स्विच, ब्रँडेड.' (डीपी म्हणजे डबल पोल, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा.) काम झालं, पैसे दिले. पुढे वर जाणारी एक वायर डक्टमध्ये शॉर्ट झाली. ती जळत राहिली, पण मीटरखालचा खटका जागचा हलला नाही. शेवटी कटआउटचा (पुरवठा आत येतो तिथला) फ्यूज उडाला तेव्हा पुरवठा थांबला.

बसवलेला खटका एमसीबी, म्हणजे जादा करंट आला की आपोआप पडणारा खटका, नव्हताच, आयसोलेटर होता. बाहेरून दोन्ही सारखेच, कंपनीही नामांकित. पण आयसोलेटर फक्त हाताने चालू-बंद होतो, ओव्हरलोड किंवा शॉर्टसर्किटला तो स्वतःहून पडत नाही. ओळखायला दहा सेकंद पुरतात: एमसीबीवर आकड्याआधी अक्षर असतं, 'सी ३२' असं, आणि खाली चौकटीत ६००० किंवा १००००. आयसोलेटरवर अक्षराविना नुसता आकडा, जवळ 'एसी-२२' वगैरे. आयसोलेटर वाईट वस्तू नाही. मागे एमसीबी असेल तर घरातल्या डीबीत (खटक्यांच्या बोर्डात) तो चालतो. इथे मागे एमसीबीच नव्हता. ठेकेदाराचं उत्तर तयार होतं: 'एमसीबी लिहिलंय कुठे?' म्हणून ओळ अशी लिहून घ्या: 'डीपी एमसीबी, सी कर्व्ह, ३२ अँपिअर, १० केए, सोबत ६ चौरस मिमी तांब्याची वायर.' (सी कर्व्ह म्हणजे तेच 'सी' अक्षर, १० केए म्हणजे चौकटीतले १००००.)

वायरीतही हात मारला होता. बिल ६ चौरस मिमीचं, आत ४. ३२ अँपिअरचा एमसीबी पडायच्या आधी ४ ची वायर पाइपात तापत राहते. फ्लेक्सिबल वायरीत ०.३ मिमीच्या तारा ४ मध्ये ५६ आणि ६ मध्ये ८४ असतात. टोक सोलून मोजा, जाडी मायक्रोमीटरने बघा. तार ब्लेडने खरवडून आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. गुंडाळी पाइपात जाण्याआधी वजनकाट्यावर ठेवणं सगळ्यात सोपं: ६ च्या ९० मीटरमध्ये नुसतं तांबंच ४.८ किलोच्या आसपास भरतं. कव्हरसकट गुंडाळी त्याहून हलकी असेल तर परत पाठवा.

अर्थिंगला सगळ्यात जास्त फसवणूक होते, कारण ती मातीखाली असते. अर्थिंगचं भारतीय मानक आयएस ३०४३, त्याप्रमाणे जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप किमान २.५ मीटर लांब हवा. इथे चेंबर उकरल्यावर हातभर पाइप निघाला, वर मीठ-कोळसा आणि सिमेंटचं झाकण. मल्टीमीटरवर फेज-अर्थ २३० दाखवून 'अर्थिंग ओके' म्हणणाऱ्याकडे लक्ष देऊ नका. मल्टीमीटर जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे निकामी अर्थिंगवरही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. दोन खुंट्या ठोकून अर्थ टेस्टरने ओहममध्ये रीडिंग घ्यायला लावा, तेही पिटची (अर्थिंगच्या खड्ड्याची) पट्टी सोडवून.

थ्री-फेज बोर्डात न्यूट्रलला जुना किटकॅट (चिनी मातीचा, तार घालायचा) फ्यूज तसाच ठेवलेला सापडला. न्यूट्रलमध्ये फ्यूज नसतो, पक्की लिंक असते. तो उडाला की कमी लोडच्या फेजवर ४०० व्होल्टपर्यंत चढतं आणि टीव्ही-फ्रिज जातात.

टेस्ट रिपोर्टवर परवानाधारक ठेकेदाराची सही होती, माणूस साइटवर कुणी पाहिलेला नव्हता. रिपोर्टमध्ये ५०० व्होल्ट मेगरचं (वायरीचं इन्सुलेशन तपासणाऱ्या यंत्राचं) रीडिंग असायला हवं, किमान १ मेगाओहम. मेगर समोर लावायला सांगा आणि शेवटचा हप्ता त्यानंतरच द्या.

आणि निघालेलं भंगार. जुन्या मीटररूममधल्या तांब्याच्या पट्ट्या आणि केबल ठेकेदार 'साफसफाई'त घेऊन गेला. भंगार सोसायटीचं, ते समोर वजन करून घ्यायचं, हेही कोटेशनमध्येच लिहून घ्या.