ड्युअल एनर्जी सीटी: पावसाळ्यासकट वापरानंतरचा अनुभव

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या सेंटरवर दोन एक्स-रे ट्यूबचं ड्युअल एनर्जी सीटी मशीन, म्हणजे एकाच भागाचं दोन वेगळ्या एनर्जीच्या एक्स-रेने चित्र घेणारं, बरेच महिने रोज चालतंय. आधी मुद्द्याचं सांगतो. त्याचा खरा उपयोग तीन ठिकाणी झाला: मुतखडा, गाऊट (युरिक ॲसिड सांध्यात साचून होणारा आजार), आणि एमआरआय हाताशी नसताना हाडाच्या आतली सूज. तोही रुग्ण टेबलावर चढण्याआधी प्रश्न ठरलेला असेल तरच. अशा मशीनवर साधा स्कॅन होऊन गेला की नंतर त्यातून दुसरी एनर्जी काढता येत नाही. दोन थरांच्या डिटेक्टरच्या मशीनवर ही अडचण नाही, तिथे दोन्ही माहिती आपोआप जमते.

एक ट्यूब 80 किंवा 100 केव्हीवर (किलोव्होल्ट, ट्यूबला दिलेला विद्युतदाब) चालते, दुसरी 140 वर, तिच्यापुढे कथिलाचा फिल्टर. कॅल्शियम आणि आयोडीन कमी केव्हीला बरंच जास्त पांढरं दिसतं, युरिक ॲसिड दोन्हीकडे जवळपास सारखंच. सगळं काम या फरकावर चालतं.

मुतखड्यासाठी आधी कमी रेडिएशन डोसचा साधा केयूबी (किडनीपासून मूत्राशयापर्यंतचा स्कॅन) घ्यावा, खडा कुठे आहे ते पाहावं आणि ड्युअल एनर्जी तेवढ्याच भागावर करावी. पूर्ण पोटावर करून डोस वाढवण्यात अर्थ नाही. दुसऱ्या ट्यूबचं क्षेत्र लहान असतं, आमच्याकडे 33 सेंमी. रुग्ण रुंद असेल आणि खडा कडेच्या कॅलिक्समध्ये (किडनीतला लघवी जमणारा कप्पा) असेल तर तो त्या वर्तुळाबाहेर जातो. म्हणून रुग्णाला टेबलावर थोडं सरकवून ती किडनी मध्याजवळ आणायची. पोट मोठं असेल तर 80 सोडून 100 केव्ही घ्यावं, नाहीतर कमी एनर्जीच्या चित्रात इतका नॉइज (दाणेदारपणा) येतो की मशीन खड्याच्या प्रकारानुसार जो रंग दाखवतं तोच भरवशाचा राहत नाही. स्लाइस 1 मिमीच्या वर नको.

खडा युरिक ॲसिडचा निघाला तर युरॉलॉजिस्ट पोटॅशियम सायट्रेट देऊन लघवीचा पीएच 6.5 ते 7 च्या दरम्यान ठेवतात आणि तो विरघळवायचा प्रयत्न करतात. शस्त्रक्रिया टळू शकते, ही रुग्णासाठी मोठी गोष्ट आहे. पीएच 7 च्या वर गेला तर फॉस्फेटचे खडे बनायची भीती, म्हणून घरी पट्टीवर तपासायला सांगावं. मर्यादाही समजून घ्या. 3 मिमीपेक्षा लहान खड्याच्या रंगावर औषध ठरवू नये. मिश्र खडा अर्धा लाल (युरिक ॲसिड), अर्धा निळा (कॅल्शियम) दिसतो, तसाच रिपोर्टमध्ये लिहावा. डीजे स्टेंट (मूत्रनलिकेत बसवलेली नळी) शेजारी असेल तर रंग बिघडतो. आणि कॉन्ट्रास्ट (शिरेतून देतात ते आयोडीनचं औषध) आधी दिला असेल तर पांढऱ्या लघवीत खडा बुडतो, हा क्रम चुकवू नका.

गाऊटच्या बाबतीत आमचं मत सर्वांत चांगलं झालं. तारली आणि सुकट रोजच्या जेवणात असलेल्या किनाऱ्यावर दुखऱ्या पायांचे रुग्ण भरपूर येतात, आणि ऐन झटक्यात रक्तातलं युरिक ॲसिड नॉर्मलही येऊ शकतं. दोन्ही पाय एकत्र पट्ट्याने घट्ट बांधून स्कॅन करावा. जराशी हालचाल झाली तरी हिरवे ठिपके उमटतात. युरेट (युरिक ॲसिडचे स्फटिक) हिरवं दाखवायची पद्धत आहे, पण हिरवं म्हणजे गाऊट असं नाही. नखांखाली आणि जाड कातडीतही हिरवं दिसतं. अनवाणी शेतात किंवा होडीवर वावरणाऱ्यांच्या टाचांना घट्टे पडलेले असतात, त्यांच्या टाचेवरचा पातळ हिरवा पट्टा नेहमीचा आहे. अंगठ्याच्या मुळाशी, सांध्यालगत किंवा टाचेमागच्या दोरीसारख्या शिरेत (अकिलीस टेंडन) गोळा दिसला तर तो विश्वासाचा. पहिल्याच झटक्यात, रोग नवा असताना, स्कॅन निगेटिव्ह येऊ शकतो. मग गाऊट नाही असं रिपोर्टमध्ये लिहू नये.

माडावरून, आंब्यावरून पडलेले, पावसात शेवाळलेल्या जांभ्यावरून घसरलेले रुग्ण इथे वर्षभर येतात. मणका दबलेला दिसतो, पण तो आत्ताचा की जुना, हा प्रश्न असतो. कॅल्शियम वजा केलेल्या चित्रात ताज्या फ्रॅक्चरची मज्जा वेगळ्या रंगात दिसते. पेसमेकर असलेल्यांना किंवा एमआरआयसाठी दूर न्यावं लागणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना याचा फार आधार होतो. मात्र हाडाच्या कवचाला अगदी चिकटून असलेली सूज लपते, आणि झिजलेल्या मणक्यांच्या कडांवर फसवा रंग येतो. शंका राहिली तर एमआरआयच करावा.

बाकी थोडक्यात. हाडात बसवलेल्या स्क्रूभोवतीच्या रेषा 110 ते 140 केईव्हीच्या चित्रात (दोन्ही स्कॅनवरून गणिताने काढलेलं, एकाच एनर्जीचं चित्र) कमी होतात, टायटॅनियमला चांगल्या, स्टीलच्या जाड प्लेटला जेमतेम. 40 ते 50 केईव्हीला आयोडीन उजळतं, कारण त्याची के-कड, म्हणजे जिथे ते एक्स-रे एकदम जास्त शोषू लागतं ती एनर्जी, 33 केईव्हीला आहे. त्यामुळे किडनी अशक्त असलेल्यांना कॉन्ट्रास्ट कमी देता येतो. फुफ्फुसाच्या आयोडीन मॅपमध्ये (आयोडीन कुठे किती पोचलं ते दाखवणारं चित्र) वरच्या महाशिरेतल्या दाट कॉन्ट्रास्टशेजारी खोटे डाग पडतात. कॉन्ट्रास्टमागून सलाइनचा फ्लश द्यावा आणि स्कॅन खालून वर घ्यावा.

आता त्रासाची बाजू. पावसाळ्यात लाइट गेली की युपीएस चालू स्कॅन पुरा करून देतो, पण गॅन्ट्रीचं (ट्यूब फिरतात त्या गोल भागाचं) तापमान ढळतं. परत चालू केल्यावर लगेच रुग्ण घेतला तर चित्रात बारीक रिंग (वलय) येते. साध्या चित्रात ती डोळ्यांआड होते, ड्युअल एनर्जीच्या चित्रात मात्र तिचा रंगीत पट्टा होतो आणि खड्याचं निदान फिरतं. तापमान स्थिरावू द्यावं, दोन्ही ट्यूब गरम करून एअर कॅलिब्रेशन (रिकाम्या हवेवर मशीन जुळवणं) करावं, मग पाण्याच्या फँटमवर (चाचणीचं पाणी भरलेलं भांडं) आकडा शून्याच्या आसपास, 4 एचयूच्या (सीटीवरच्या घनतेचं एकक) आत येतंय का ते बघावं. खोलीतली आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये. इथे एसी एकटा पुरत नाही, वेगळा डीह्युमिडिफायर लागतो.

डेटाही पुष्कळ होतो. 400 स्लाइसची एक मालिका साधारण 200 एमबी, आणि दोन्ही केव्हीच्या मिळून 400 एमबी. मुंबईला रिपोर्टिंगसाठी पाठवताना तालुक्याच्या नेटवर रंगीत मॅप आणि दोन्ही केव्ही मिसळून केलेली एकत्रित मालिका एवढंच पाठवावं. पण दोन्ही केव्हीच्या 1 मिमीच्या मालिका आपल्याकडे जपून ठेवाव्यात. त्या पुसल्या तर नंतर कुणी विचारलं तरी खड्याचा प्रकार काढता येणार नाही.

चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना एकच विनंती: नुसतं ‘सीटी केयूबी’ न लिहिता ‘खड्याचा प्रकार हवा’ असं लिहा, आणि स्टेंट असेल तर त्याचाही उल्लेख करा.