१२ व्होल्टची एलईडी पट्टी कारच्या बॅटरीवर: कोणती टिकते, कोणती जळते

पाकिटावर ‘१२ व्होल्ट’ छापलेलं असतं आणि कारची बॅटरीही ‘१२ व्होल्ट’चीच म्हणवते, म्हणून दोन्ही सरळ जोडून टाकायचा मोह होतो. पण या बॅटरीला नेमके १२ व्होल्ट फार थोडा वेळ असतात. पूर्ण चार्ज होऊन निवांत असताना १२.६ ते १२.७, अर्धी उतरल्यावर १२.२ च्या आसपास, रिकामी होताना ११.८ आणि इंजिन सुरू असताना अल्टरनेटरमुळे (इंजिनावर चालणाऱ्या जनित्रामुळे) १३.८ ते १४.७. जवळजवळ तीन व्होल्टचा हा फरक पट्टी कसा झेलते, यावरच तिची किंमत ठरवावी. प्रकाश, रंग, चिकटपट्टी या गोष्टी त्यानंतर.

सगळीकडे मिळणारी साधी पट्टी आधी पाहू. तिच्यात तीन एलईडी एका ओळीत आणि त्यांच्यासोबत करंट रोखणारा एक रेझिस्टर अशी रचना असते. म्हणूनच मीटरला ६० एलईडीची पट्टी दर ५ सेंटीमीटरवर कापता येते. पांढऱ्या एलईडीला प्रत्येकी साधारण ३.१ व्होल्ट लागतात, म्हणजे तिघांना ९.३. उरलेले २.७ व्होल्ट रेझिस्टरवर पडतात. रेझिस्टरवर १५१ लिहिलं असेल तर तो १५० ओहमचा, आणि १२ व्होल्टला करंट १८ मिलिअँपिअर. आता १४.४ व्होल्ट द्या. एलईडीवरचा व्होल्टेज थोडासाच वाढतो, बाकी सगळी वाढ रेझिस्टरवर जाते आणि करंट ३० मिलिअँपिअरपर्यंत पोचतो. व्होल्टेज वाढला २० टक्के, करंट मात्र दीडपटीहून जास्त. पट्टी त्याच दिवशी मरत नाही, उलट झकास चमकते, आणि फसगत होते ती इथेच. रेझिस्टर तापतो, चिपवरचा पिवळा थर करपायला लागतो, प्रकाश निळसर होत जातो आणि मग तीन-तीनचे तुकडे एकेक करून विझतात. पाच सेंटीमीटरचा तुकडा अख्खा बंद दिसला तर कारण बहुतेक वेळा हेच असतं.

त्यामुळे आमचं मत असं: बॅटरी काढून बाजूला ठेवली आहे आणि इंजिनाशी संबंधच नाही, तर साधी पट्टी थेट लावायला हरकत नाही. १२.७ व्होल्ट ती सहन करते. गाडीत, इंजिन चालू असताना, ती थेट लावू नये. चार्जर जोडलेला असतानाही नको, कारण चार्जरही १४.४ पर्यंत नेतो.

दुसरा प्रकार कॉन्स्टंट करंटची, म्हणजे करंट कायम सारखा ठेवणारी पट्टी. दिसायला तशीच, पण प्रत्येक तुकड्यावर रेझिस्टरच्या जागी किंवा त्याच्याबरोबर तीन पायांची छोटी आयसी (चिप) असते. ही आयसी करंट ठरलेल्या मर्यादेत धरून ठेवते. १४ व्होल्टला प्रकाश वाढत नाही, वायरीत थोडा व्होल्टेज पडला तरी दूरचं टोक मंद होत नाही. जादाचे व्होल्ट मात्र ही आयसी उष्णतेतच घालवते, म्हणून पट्टी ॲल्युमिनियमच्या पट्टीवर चिकटवलीच पाहिजे. थोडी जास्त किंमत पडते आणि ती द्यावी. फक्त एक तपासून घ्या: या जातीच्या पुष्कळशा पट्ट्या २४ व्होल्टच्या असतात. त्या कारच्या बॅटरीवर पेटणारच नाहीत.

साधी पट्टी हाताशी आहेच, तर मध्ये कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज बदलून देणारं मॉड्यूल, लावता येतो. इथे सगळ्यात जास्त चुकीची खरेदी होते ती एलएम२५९६ या आयसीच्या निळ्या मॉड्यूलची. मॉड्यूल वाईट नाही, काम चुकीचं दिलं जातं. ते फक्त व्होल्टेज कमी करतं आणि स्वतःसाठी साधारण दीड व्होल्ट राखतं. बॅटरी १२.६ ला असताना त्यातून ११ च्या आसपासच बाहेर पडतात आणि पट्टी मंद दिसते. इंजिन चालू असतानाच दिवे लावायचे असतील, किंवा ५ व्होल्टची यूएसबी पट्टी चालवायची असेल, तर ते उत्तम. एरवी व्होल्टेज वाढवणारा आणि कमी करणारा, असा दोन्ही करणारा कन्व्हर्टर लागतो. एक्सएल६००९ या आयसीवरच्या मॉड्यूलांवर ४ अँपिअर लिहिलेलं असतं, पण तो आकडा आयसीच्या आतल्या स्विचचा आहे, बाहेर मिळणाऱ्या करंटचा नव्हे. १२ व्होल्टला सलग एक-दीड अँपिअरच्या पुढे नेऊ नका. त्याहून मोठ्या पट्टीसाठी ८ ते ४० व्होल्ट घेऊन १२ देणारा, ॲल्युमिनियमच्या डबीत भरून बंद केलेला कन्व्हर्टर घ्यावा, आणि लागणाऱ्या करंटच्या दीडपट क्षमतेचा.

पट्टीऐवजी बल्ब हवा असेल तर ‘१०–३० व्होल्ट डीसी’ लिहिलेलाच घ्या. त्यात आत ड्रायव्हर (एलईडीचा करंट सांभाळणारं सर्किट) असतो आणि बहुतेकांत उलटसुलट जोडणीही चालते. सुटे पॉवर एलईडी (जास्त ताकदीचे) चालवणाऱ्यांनी पीटी४११५ या आयसीचा छोटा ड्रायव्हर वापरावा. त्यावर दोन एलईडी ओळीत ठेवा. तीन ठेवले तर बॅटरी उतरल्यावर ड्रायव्हरला पुरेसा व्होल्टेज उरत नाही आणि करंट घसरतो.

किती वेळ चालेल? मीटरला ६० छोट्या एलईडींची (३५२८) पट्टी मीटरला ४.८ वॅट घेते, म्हणजे ५ मीटरला २४ वॅट, २ अँपिअर. मोठ्या एलईडींची (५०५०) पट्टी मीटरला १४.४ वॅट, म्हणजे ५ मीटरला ७२ वॅट, ६ अँपिअर. एकाच टोकाने वीज दिली तर पट्टीतल्या पातळ तांब्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमी जाते आणि शेवट मंद दिसतो. दोन्ही टोकांना वायर दिली की फरक लगेच कळतो. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी नवी असेल तर तिचा अर्धा भागच वापरायचा, सुमारे २२ अँपिअर-तास. छोट्या पट्टीला ११ तास, मोठीला साडेतीन-चार. कारची बॅटरी स्टार्टरला काही सेकंद प्रचंड करंट देण्यासाठी बनवलेली असते. तिच्या प्लेटा पातळ असतात. ती वारंवार खोल उतरवली आणि तशीच ठेवली की प्लेटांवर सल्फेट कडक होऊन बसतं आणि क्षमता परत येत नाही. रोजच्या रोज दिवे लावायचे असतील तर डीप सायकल बॅटरी, म्हणजे खोल उतरवण्यासाठीच बनवलेली, घेणंच शहाणपणाचं.

म्हणून कट-ऑफ मॉड्यूल, म्हणजे बॅटरी ठरावीक व्होल्टेजपर्यंत उतरली की दिवे आपोआप तोडणारं, ही या सगळ्या संचातली आम्हाला सर्वांत मोलाची वस्तू वाटते. १०.५ व्होल्टला तोडणारं घेऊ नका. तिथपर्यंत बॅटरी पूर्ण रिकामी झालेली असते. तोडण्याचा आणि परत जोडण्याचा व्होल्टेज वेगवेगळा ठरवता येईल असं घ्या, आणि १२.२ ला तोड, १२.८ ला जोड असं ठेवा. लोड सुटला की बॅटरीचा व्होल्टेज आपोआप थोडा चढतो. दोन आकडे जवळ असतील तर मॉड्यूलमधला रिले (विजेवर चालणारा यांत्रिक स्विच) टकटक करत राहतो आणि त्याचे संपर्क जळतात. रिलेवालं मॉड्यूल स्वतःही काही दहा मिलिअँपिअर खातं, मॉस्फेटवालं (इलेक्ट्रॉनिक स्विचचं) बरंच कमी. रिमोटच्या कंट्रोलरचंही तसंच. बंद ठेवूनही तो २० मिलिअँपिअर घेत असेल तर महिन्याला १४ अँपिअर-तास गेले. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर बॅटरीजवळ साधा स्विच हवाच.

फ्यूजबाबत तडजोड नको. शॉर्ट झाला तर ही बॅटरी शेकडो अँपिअर ओतते आणि वायर काही क्षणांत लाल होते. फ्यूज पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतरात बसवा, पट्टीजवळ नाही. तो वायरीच्या जाडीवर ठरतो: ०.७५ चौरस मिलिमीटरला ५ अँपिअर, १.५ ला १० अँपिअर. लायटरच्या सॉकेटमधून घेत असाल तर गाडीचा १०-१५ अँपिअरचा फ्यूज पट्टीच्या बारीक वायरीला वाचवणार नाही. प्लगमध्ये वेगळा फ्यूज असलाच पाहिजे. अंतर १० मीटर असेल तर जाऊन-येऊन २० मीटर तांबं होतं. २ अँपिअरला ०.७५ ची वायर ०.९ व्होल्ट खाते, १.५ ची त्याच्या निम्मे.

दाबून बसवायच्या प्लॅस्टिक क्लिपा फक्त चाचणीपुरत्या. धक्क्यांनी त्यांचा संपर्क सैल होतो, तिथे उष्णता साठते आणि प्लॅस्टिक वितळतं. सोल्डर करा आणि वर हीट श्रिंक नळी चढवा. रंगीत पट्टीत आणखी एक भानगड आहे. तिचा पॉझिटिव्ह सामाईक असतो आणि कंट्रोलर निगेटिव्ह बाजू तोडतो-जोडतो. गाडीत निगेटिव्ह म्हणजे बॉडी. त्यामुळे पट्टीचं कापलेलं टोक पत्र्याला टेकलं तर तो रंग कायम पेटलेला राहतो आणि रिमोट त्याचं काही करू शकत नाही. टोकावर सिलिकॉन लावा. गुंडाळलेली पट्टी मिनिटभरापेक्षा जास्त पेटवून ठेवू नका.

बॅटरी घरात ठेवणार असाल तर चार्जिंग हवेशीर जागीच. पाणी भरायच्या बॅटरीतून हायड्रोजन सुटतो आणि टर्मिनलवरची ठिणगी त्याला पुरते. सगळी जोडणी फ्यूज काढून आणि स्विच बंद ठेवून करा, आधी पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह. फ्यूज सर्वांत शेवटी. मल्टिमीटर फ्यूजच्या जागी १० अँपिअरवर लावून पहिला करंट मोजा. हिशेबाच्या आकड्यापेक्षा तो बराच जास्त आला, तर पट्टी बंद करून आधी टोकं आणि सोल्डरचे थेंब तपासा.